फील्ड मार्शलला मराठीत काय म्हणायचं? आणि ते 'फॉन'?

मंडळी जरा मदत हवीये. दुसऱ्या महायुद्धातल्या स्टॅलिनग्राडच्या लढाईवर लेख लिहितोय, त्यात तिथल्या जर्मन सेनापतीचं नाव "फील्ड मार्शल फॉन पाउलुस" दर दोन ओळींनी येतंय आणि संपादकबाई म्हणतात मराठी शब्द शोधा. सरसेनापती चालेल? महासेनापती लिहिलं तर पौराणिक सिरियल वाटते. आणि फॉन म्हणजे आपल्या पंत-राव सारखं काही का?

*

आधी ते फॉन उडवा, पाउलुस फॉन नव्हताच. फॉन म्हणजे नुसतं '-हून', आपल्या आडनावातल्या -कर सारखं, पण तिकडे ती उमराव घराण्याची खूण झाली. हा गडी हिशेबनिसाचा मुलगा, जन्म १८९० चा, नौदलात कॅडेट व्हायला गेला तर घेतलं नाही, मग थोडे दिवस मारबुर्गला कायदा शिकला आणि १९१० ला पायदळात. बायको मात्र रोमानियातल्या खानदानी घरातली. रोमेललाही फॉन नाही, मानस्टाइनला आहे. जर्मन सेनापती दिसला की लोक आपल्या मनाने चिकटवतात.

*

सरसेनापती नकोच. तो एका वेळी एकच असतो ना, आणि हिटलरने १९ जुलै १९४० ला एका दिवसात बारा जणांना फील्ड मार्शल केलं, मग बारा सरसेनापती? हा हुद्दा आहे. माणेकशांना १९७३ ला मिळाला, त्यांना कोणी सरसेनापती माणेकशा म्हणतं का?

*

मूळ अर्थच हवा असेल तर 'मोतद्दार' लिहा :) जुन्या जर्मनमध्ये माराह म्हणजे घोडा, स्काल्क म्हणजे चाकर. राजाच्या पागेतला माणूस चढत चढत सेनापती झाला. विधानसभेत आमदाराला उचलून बाहेर नेतात ते मार्शल पण ह्याच खानदानातले. मार्शल आर्टवाला वेगळा, तो मार्स देवाचा.

*

आमच्याकडे मार्शल म्हणजे वडापची जीप, मागे दोघं लटकलेले. चालू द्या.

*

शब्द बदलू नका, कारण पाउलुसच्या गोष्टीत सगळी मेख त्या हुद्द्यातच आहे. त्याची सहावी आर्मी नोव्हेंबर १९४२ पासून स्टॅलिनग्राडला रशियनांच्या वेढ्यात, खायला नाही, आणि ३० जानेवारी १९४३ ला हिटलर बढती देतो. जर्मन फील्ड मार्शलने जिवंत शत्रूच्या हाती लागायचं नाही ही हिटलरची अपेक्षा, म्हणजे बढतीच्या कागदात पिस्तूल गुंडाळून पाठवल्यासारखं. ह्याने ते केलं नाही. ३१ तारखेला उनिव्हरमाग नावाच्या मोठ्या दुकानाच्या तळघरातून रशियनांच्या ताब्यात गेला. 'शरणागती पत्करली' लिहिताना पण जपून, बोलणी त्याच्या हाताखालच्यांनी केली आणि शहराच्या उत्तरेकडची तुकडी २ फेब्रुवारीपर्यंत लढत होती. कैदी साधारण ९१ हजार, घरी परतले पाच-सहा हजार.

*

मग पुढे 'फितूर' लिहू का? १९४४ ला हिटलरविरोधी गटात गेला, १९४६ ला न्यूरेम्बर्गला नाझींवरच्या खटल्यात रशियनांच्या बाजूने साक्ष दिली.

*

फितूर हा शब्द वेढ्यातल्या माणसाने आतून दार उघडलं तर. ह्याने दार उघडलं नाही, पकडल्यावर दीड वर्षाने बाजू बदलली. 'उलटला' पुरे. १९५३ ला सुटून पूर्व जर्मनीत ड्रेस्डेनला राहिला, १९५७ ला तिथेच गेला.

*

धन्यवाद मंडळी. फॉन काढला, फील्ड मार्शल ठेवला. बाईंना मोतद्दार सुचवून पाहिलं, त्यांनी फोन ठेवला.