मदत हवी आहे : नवा इंपेलर बसवूनही इंजिन तापतंय

नमस्कार मंडळी. मी आणि नवरा, दोघंच बोटीवर आहोत. सध्या कॅरिबियनमधल्या ग्रेनाडाच्या प्रिकली बे या खाडीत नांगर टाकलाय. ३८ फुटी शिडाची बोट, जुनं डिझेल इंजिन.

उत्तरेच्या कॅरिआकू बेटाहून येताना तापमानाचा अलार्म वाजला. एक्झॉस्टमधून (धुराच्या नळीतून) इंजिन थंड करून बाहेर येणाऱ्या पाण्याची धार अगदी बारीक पडत होती. समुद्राच्या पाण्याचा पंप उघडला, तर इंपेलरची (पाणी ढकलणाऱ्या रबरी चाकाची) ३ पाती तुटलेली. नवा बसवला, गाळणी धुतली. हीट एक्स्चेंजरच्या (समुद्राच्या पाण्याने इंजिनचं कूलंट थंड करणाऱ्या भागाच्या) तोंडाशी २ तुकडे मिळाले, तिसरा मात्र सापडत नाही. धार सुधारली, तरी २००० आरपीएमला २० मिनिटांत काटा पुन्हा चढतो.

माझा संशय एक्झॉस्ट एल्बोवर आहे, म्हणजे जिथे धुरात हे पाणी मिसळतं त्या वाकड्या नळीवर. मीठ आणि काजळी साचून आतली वाट अरुंद होते. पण त्याचे बोल्ट गंजून घट्ट बसलेत, एखादा तुटला तर काय करायचं? आधी एक्स्चेंजर पूर्ण काढून तिसरा तुकडा शोधावा, की थेट एल्बोला हात घालावा? सुटे भाग मार्टिनिक या फ्रेंच बेटावर मिळतील, पण भारतीय पासपोर्टवर तिथला व्हिसा आमच्याकडे नाही.

बाकी दिवस नीट चाललेत. पाणी डिंगीने (छोट्या होडीने) कॅन भरून आणतो, बाजारात दशीनची पानं, म्हणजे आपलं अळूच, मिळतात. घाई आहे ती १ जूनची. चक्रीवादळांचा मोसम लागतो, आणि जुलै २०२४ मध्ये बेरिल चक्रीवादळाने कॅरिआकूची केलेली दशा आम्ही नुकतीच डोळ्यांनी पाहिली. दक्षिणेला त्रिनिदादकडे निघायचं तर भरवशाचं इंजिन हवंच.

कुणी हे काम स्वतः केलंय का? कृपया सविस्तर सांगा.