रणगाड्यांपेक्षा मालमोटारी महत्त्वाच्या

दुसऱ्या महायुद्धात परदेशांतून आलेले रणगाडे थोडेच होते, म्हणून सोव्हिएत सैन्याला त्या मदतीचा फारसा उपयोग झाला नाही, हे मत मला पटत नाही. रक्त सोव्हिएत सैनिकांनीच सांडले, याबद्दल दुमत नाही. परंतु मार्च १९४१ मधील लेंड-लीज (मित्रदेशांना युद्धसामग्री उसनी वा भाड्याने देण्याच्या) कायद्याखाली अमेरिकेने पाठवलेल्या चार लाखांहून अधिक मालमोटारी व जीपगाड्या, १,९०० हून अधिक रेल्वे इंजिने आणि विमानांचे उच्च प्रतीचे इंधन यांमुळे सोव्हिएत कारखान्यांना रणगाडे व तोफा यांवर लक्ष एकवटता आले. रेल्वेमार्ग संपतो तिथून आघाडीपर्यंत दारूगोळा नेणारी वाहने नसतील, तर आगेकूच करणारे सैन्य काही दिवसांतच थबकते. १९४४ च्या उन्हाळ्यात बेलारूसमध्ये लाल सेनेने, म्हणजे सोव्हिएत सैन्याने, मारलेली मुसंडी बऱ्याच अंशी याच मालमोटारींच्या आधाराने टिकली.