कुंकू: पुसलेलं, सोडलेलं, पुन्हा लावलेलं

आमच्या घरात कुंकवावरून तीनदा बंड झालं. १९५८ साली आजोबा गेले. तीन महिन्यांनी आजीने करंडा काढला, कपाळाला मेण लावलं, त्यावर कुंकू टेकवलं आणि तशीच भरल्या कपाळाने विहिरीवर गेली. चुलत सासू वर्षभर तिच्याशी बोलली नाही. पुढे १९८५ मध्ये आईने, बाबा धडधाकट असताना, कुंकू लावणं थांबवलं. नवऱ्याच्या जगण्यामरण्याची खूण आपल्या कपाळावर नको, एवढंच म्हणाली. सगळ्यांत जास्त दुखावली ती आजीच. "मी शिव्या खाऊन मिळवलं, तू ते टाकून दिलंस!" दोघी आपापल्या जागी बरोबर होत्या, असं मला आजही वाटतं. आता माझी अविवाहित मुलगी रोज ठसठशीत चंद्रकोर लावून ऑफिसला जाते आणि आई कासावीस होते. तुमच्या घरात काय झालं? लिहा.

*

माझं माहेर शिरोळ तालुक्यातलं. मे २०२२ मध्ये आमच्या शेजारच्या हेरवाडच्या ग्रामसभेने कुंकू पुसणं, मंगळसूत्र तोडणं, बांगड्या फोडणं, जोडवी काढणं बंद करायचा ठराव केला. इतर ग्रामपंचायतींनीही तसं करावं, असं परिपत्रक सरकारने त्याच महिन्यात काढलं. पुढच्या वर्षी वडील गेले. बांगड्या फोडायला बायका पुढे सरकल्या, तशी मावशी आडवी आली. आई मात्र शांतपणे म्हणाली, "माझ्या मी बघते." चार काढल्या, दोन हिरव्या ठेवल्या. त्या दोन अजून हातात आहेत. आजीच्या वेळी कुणी विचारलंच नव्हतं.

*

माझ्या लग्नात विधवा आईने औक्षण करावं म्हणून मी अडून बसलो. काका मांडवातून उठून गेले. परवा मुलगी म्हणाली, "मला औक्षणच नको, आजीने नुसतं जवळ घ्यावं." क्षणभर वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू?

*

आमच्या आजीच्या कपाळावर गोंदण होतं. आजोबा गेल्यावर कुंकू पुसलं, पण हिरवा ठिपका कोण पुसणार? ती त्यावर बोट ठेवून म्हणायची, "हे माझ्या आईनं दिलंय." गेल्या वर्षी मी तसाच ठिपका मनगटावर काढून घेतला. बाबा चिडले. "जन्मभर जायचं नाही हे!" मी म्हटलं, म्हणूनच.