सल्ला हवा: दिवाळीच्या सुट्टीत मुलांचं एमटीबी (माउंटन बाइक) शिबिर, येऊर की कर्जत?

मुलुंड_एमटीबी:
क्लबात १२ ते १६ वयाची १४ मुलंमुली आहेत. शर्यतींचा हंगाम सुरू व्हायच्या आत चार दिवसांचं निवासी शिबिर घ्यायचंय. येऊर सगळ्यांना जवळ पडतं, कर्जतकडे एक शेतघर मिळतंय. रोज ५०-६० किमी चालवायचा बेत आहे. सायकली बहुतेक २९ इंची चाकांच्या हार्डटेल (मागे सस्पेन्शन नसलेल्या), पुढे १०० मिमी दबणारा सस्पेन्शनचा फोर्क, हायड्रॉलिक डिस्क ब्रेक. एक प्रशिक्षक आणि सायकल चालवणारे दोन पालक सोबत असतील. काय सुटतंय ते सांगा.

घाटवाट:
कर्जत. येऊरच्या वाटा संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाच्या हद्दीत येतात, गावाच्या रस्त्यापलीकडे एवढी मुलं न्यायची तर वनखात्याची परवानगी लागेल. शिवाय बिबट्याच्या वावरामुळे तिथे पहाट आणि संध्याकाळ टाळावी लागते, आणि ऑक्टोबरच्या उन्हात सरावाला नेमक्या त्याच वेळा हव्यात. आरेतही तेच, वर रहदारी.

कर्जतला त्या सुमारास भातकापणी चालू असते. बांधावर सायकल घालू नका, ओला बांध ढासळतो. ज्यांच्या शेताकडेने वाट जाते त्यांना आधी भेटून विचारा. गवत कमरेएवढं असतं, त्यात दगडही लपतात आणि सापही. आदल्या दिवशी मोठ्यांनी बूट घालून, काठी आपटत पूर्ण वाट चालायची आणि लपलेल्या दगडांशी रंगीत रिबीन बांधायची. सावलीतल्या कातळावर शेवाळ तोवर टिकलेलं असतं, वरून कोरडं दिसतं आणि चाक पडलं की निसटतं. मुलांना एकच सूचना द्या: वेग कातळाच्या आधी कमी करा, कातळावर ब्रेक दाबू नका.

सिंगलट्रॅक_ठाणे:
५०-६० किमीचा बेत सोडून द्या, इथे तास मोजायचे. ज्या मुलांचं एरवी आठवड्याला चार-पाच तास सायकलिंग होतं त्यांना रोज एवढं अंतर दिलं तर तिसऱ्या दिवशी गुडघे दुखतात, आणि दमलेलं मूल उतारावर पेडलवर उभं न राहता सीटवर बसतं. पडणं तिथे सुरू होतं. सकाळी ६:३० ला निघून ९:३० ला परत, संध्याकाळी ४:३० नंतर सपाट मैदानावर तासभर, एवढं भरपूर.

पहिली सकाळ फक्त मैदानावर काढा. दोन दोऱ्यांमध्ये ३० सेमी रुंद, १० मीटर लांब पट्टा करा आणि त्यातून पाय न टेकता जितकं हळू जाता येईल तितकं जायचं. मग खुणेच्या रेषेवर ब्रेक: आधी फक्त मागचा, मग फक्त पुढचा, मग दोन्ही. कोणता लिव्हर पुढचा हे प्रत्येक मुलाकडून वदवून घ्या. काही सायकलींना तो उजवीकडे असतो, काहींना डावीकडे, आणि मुलं सायकली अदलाबदल करतात. लिव्हरवर एकच बोट. बोट पोचत नसेल तर लिव्हरजवळच्या रीचच्या स्क्रूने (लिव्हर हँडलपासून किती लांब ते ठरवणारा) तो आत घ्या. लहान हातांची निम्मी भीती तिथेच जाते.

दुसऱ्या दिवशी चढ आणि वळणं. तिसऱ्या दिवशी उतार, पण सलग नाही: ४०-५० मीटरचा एकच तुकडा पाच-सहा वेळा, सीट ४-५ सेमी खाली करून. प्रत्येक नवी अवघड जागा पहिल्या तासात, पाय ताजे असताना. चौथ्या दिवशी आठ-दहा मिनिटांची फेरी आखून तीनदा, शर्यतीसारखी सुरुवात करून. पुढे एक मोठा, सगळ्यात मागे एक. १४ जणांचा एकच घोळका नको, दोन गट करा; म्हणजे तीन मोठे पुरणार नाहीत, चौथा शोधा.

स्पॅनर_दादर:
सायकलींची तपासणी शिबिराच्या दोन आठवडे आधी करा, आदल्या रात्री नाही. कारण हँगर. मागचा डिरेलर (गिअर बदलणारा भाग) ज्या छोट्या पट्टीवर लटकतो ती फ्रेमच्या मॉडेलप्रमाणे वेगळी असते, आयत्या वेळी दुकानात मिळत नाही. प्रत्येक मॉडेलचा एक जादा हँगर घ्या, नाव लिहून पिशवीत ठेवा. बाकी:

- चेन किती झिजली ते चेन गेजने मोजा. १० स्पीडपर्यंत ०.७५, ११-१२ स्पीडला ०.५ दाखवत असेल तर बदला, नाहीतर कॅसेटही (मागच्या दातेरी चकत्या) खाते.
- ब्रेक पॅडचा थर १ मिमीच्या खाली आला की नवे. नवे पॅड घरीच बसवून घ्या: ब्रेक दाबून मध्यम वेगातून चालण्याच्या वेगापर्यंत यायचं, १५-२० वेळा, पूर्ण न थांबता.
- ब्रेकचं तेल: शिमानोला मिनरल ऑइल, स्रॅमच्या बऱ्याच ब्रेकना डॉट फ्लुइड. अदलाबदल झाली तर रबरी सील फुगतात आणि ब्रेक जातो.
- स्प्रेचं वंगण डिस्कच्या आसपास मारू नका. रोटर (डिस्कची चकती) आयसोप्रोपिल अल्कोहोलनेच पुसा.
- ट्यूबलेस असेल तर टायर उघडून सीलंट (भोक बुजवणारा द्रव) बघा. आपल्याकडच्या उष्णतेत लवकर सुकतं. सुकलं असेल तर चाकामागे ६०-८० मिली घाला.

टायरची हवा हा सगळ्यात दुर्लक्षित भाग. टायरच्या बाजूवर छापलेला कमाल आकडा बघून मोठी माणसं ४० पीएसआय भरतात, मग ४० किलोचं मूल मुरमावर नुसतं उडत राहतं, टायर जमीन धरतच नाही. त्या वजनाला २.२५ इंची ट्यूबलेस असेल तर पुढे १७-१८, मागे १९-२० ने सुरू करा. ट्यूब असेल तर २४-२६, नाहीतर दगडावर ट्यूब रिममध्ये चिमटून दोन भोकं पडतात. मोजायला रोज एकच डिजिटल गेज; पंपावरचे काटे इतक्या कमी हवेला भरवशाचे नसतात.

एअर फोर्क (स्प्रिंगऐवजी हवेवर चालणारा) असेल तर मूल पेडलवर उभं असताना तो २०-२५ मिमी बसायला, म्हणजे दबायला हवा. फोर्कच्या सरकणाऱ्या नळीवर झिप टाय बांधा, लगेच दिसतं.

मुलुंड_एमटीबी:
किमीचा बेत रद्द, तासांवर आणतो. फोर्क स्प्रिंगचे आहेत, तीन मुलांचे जेमतेम १० मिमी बसतात. काही करता येईल? आणि खाण्यापिण्याचं, औषधांचं?

स्पॅनर_दादर:
प्रीलोडची टोपी (स्प्रिंगवरचा ताण कमीजास्त करणारी, फोर्कच्या वरची) उलटी फिरवून पूर्ण सैल करा. तरीही बसत नसेल तर त्या फोर्कची मऊ स्प्रिंग मिळते का विचारा. नाहीच मिळाली तर पुढची हवा १-२ पीएसआयने उतरवा, पण रिम दगडावर आपटत नाही ना ते बघून.

डॉक्टरीणबाई_वाशी:
तासाला साधारण अर्धा लिटर पाणी, तहान लागण्याची वाट न बघता. ओआरएसचं मोठं पाकीट एक लिटरलाच. अर्ध्या बाटलीत ओतलं की मीठ जास्त होतं आणि मुलांना मळमळतं. निघण्याआधी केळं, मध्ये राजगिऱ्याचा लाडू किंवा चिक्की, परतल्यावर लगेच पोहे-अंडी. दुपारी वरणभात, ताक. तळलेला फराळ रात्रीसाठी ठेवा.

डोक्यावर पडलेलं मूल त्या दिवशी पुन्हा सायकलवर बसणार नाही, ते कितीही "मी ठीक आहे" म्हणालं तरी. उलटी, गोंधळ, वाढती डोकेदुखी असेल तर थेट रुग्णालय. आपटलेलं हेल्मेट बाद. सर्पदंशावरचं प्रतिविष (अँटी-स्नेक व्हेनम) कोणत्या रुग्णालयात आहे ते निघण्याआधी फोन करून पक्कं करा. दंश झाला तर करकचून बांधणं नाही, कापणं नाही, चोखणं नाही. तो अवयव हलू न देता मुलाला उचलून न्यायचं. १०८ लावा, पण गाडी आणि चालक शेतघरावर कायम हजर हवेत. प्रत्येक मुलाचा रक्तगट, अ‍ॅलर्जी, चालू औषधं आणि पालकांची सही असलेला कागद प्रशिक्षकाच्या पिशवीत.

घाटवाट:
सायकली टेम्पोनेच न्या, लोकलच्या लगेज डब्यात एवढ्या मावणार नाहीत. आडव्या रचू नका, वजनाने हँगर तिथेच वाकतात. उभ्या, एकाआड एक उलट्या दिशेने, मध्ये जुनी चादर. चाक काढलं असेल तर ब्रेक पॅडमध्ये पुठ्ठ्याचा तुकडा अडकवा. कुणी लिव्हर दाबला तर पिस्टन बाहेर येतात आणि मग चाक बसत नाही.