मदत हवी आहे: कोवळ्या पालवीचा रंग कागदावर उतरत नाही

नमस्कार मंडळी. मी अमळनेरची. जलरंगात हौसेने चित्रं काढते, पण गेले वर्षभर ब्रश हातात धरला नव्हता. काही सुचतच नव्हतं.

यंदा उन्हाळ्यात परसबाग पार होरपळली. आपल्याकडे पारा ४५ च्या आसपास गेला की काय उरणार! काळ्या मातीला बोट जाईल एवढ्या भेगा पडल्या होत्या. मोगरा तर मी उपटूनच टाकणार होते. दोन पाऊस झाले आणि त्याच्या काटकीला डोळे फुटले. पावसाळी लिलीचे कंद कुठे पुरलेत हेही विसरले होते, ते एका रात्रीत गुलाबी होऊन वर आले. तेव्हापासून रोज सकाळी पाटावर बसून रेखाटते. शेजारच्या आजी कुंपणावरून विचारतात, "काय करी राहिनी वं?"

अडचण अशी की आंब्याची नवी पालवी तांबूस असते, तिच्यातून उजेड आरपार दिसतो. मी लेमन यलोत तांबूस-तपकिरी बर्न्ट सिएना मिसळते, वर निळ्या अल्ट्रामरीनचा थेंब, की झालाच चिखल! थर सुकू देऊन एकावर एक चढवायचे का? पण दमट हवेत कागद सुकत नाही, आणि पालवी थोड्याच दिवसांत हिरवी होते. कागद ३०० जीएसएमचाच, म्हणजे चांगला जाड आहे.

शिवाय अर्धी बाग अजून वाळकीच आहे. ती चित्रात ठेवावी का? मला ठेवावीशी वाटते, घरचे म्हणतात काढून टाक.

कुणी असं काम केलं असेल तर सांगा ना. पालवी थांबणार नाही, म्हणून जरा घाई आहे.