‘शेडिंग’ला मराठीत काय म्हणावं? छायांकन, छटा की छायाप्रकाश?

उजेड-अंधाराच्या छटा असलेल्या एकाच सपाट चित्रावरून संगणक त्या वस्तूचं त्रिमितीय मॉडेल कसं उभं करतो, यावर विद्यार्थ्यांसाठी मराठीत टिपण लिहितेय. इंग्रजीत या पद्धतीला ‘शेप फ्रॉम शेडिंग’ म्हणतात. बर्थोल्ड हॉर्न यांनी १९७० साली एमआयटीत याच नावाने प्रबंध लिहिला आणि नाव रूढ झालं. मी मात्र ‘शेडिंग’ आणि ‘शेप’ या दोन्ही शब्दांपाशी अडलेय.

‘छायांकन’ पटकन सुचतं, पण सिनेमाच्या श्रेयनामावलीत ते कॅमेऱ्याच्या कामासाठी कधीच बसलंय. ‘छटा’ रंगाचीही असते आणि अर्थाचीही, त्यामुळे ती फार मोघम. पहिल्या मसुद्यात मी ‘सावलीवरून आकार’ असं लिहिलं होतं. एका विद्यार्थिनीने ते वाचून विचारलं, “म्हणजे टेबलावर पडलेली सावली मोजायची का?” प्रश्न रास्त होता, चूक माझ्या शब्दाची होती.

दिव्याखाली चेंडू ठेवला की दिव्यासमोरचा भाग लख्ख दिसतो आणि कडेकडे जाताना उजेड मावळत जातो. हा फरक चेंडूच्या अंगावरचा. टेबलावर जी काळी आकृती पडते ती वेगळी. इंग्रजीत ‘शेडिंग’ आणि ‘शॅडो’ असे दोन वेगळे शब्द आहेत. आपली ‘छाया’ दोन्हीकडे चालते, आणि ग्रहणाच्या धड्यातल्या प्रच्छाया-उपच्छाया तर सरळ पडणाऱ्या सावलीच्याच. तुम्ही काय वापराल?

प्रतिसाद

चित्रकलेत याला जुना आणि चांगला शब्द आहे: छायाप्रकाश. बोलताना सगळे ‘शेडिंग’च म्हणतात, पण लिहिताना ‘छायाप्रकाशाने चित्राला उठाव येतो’ असंच लिहितात. वस्तूच्या अंगावर असते ती छाया, जमिनीवर पडते ती पडछाया. हा भेद आमच्याकडे पहिल्याच धड्यात येतो, कारण दोन्ही एकाच काळ्याने रंगवल्या की गोळा टेबलाला चिकटल्यासारखा दिसतो.

मूळ लेखिका

‘छायाप्रकाश’ वाचल्यावर वाटलं, हा आधी का आठवला नाही! आणि तो नुसता कानाला बरा लागतो म्हणून नाही. त्यात ‘प्रकाश’ आहे, आणि या पद्धतीत प्रकाश कुठून येतो हे धरल्याशिवाय पाऊलही पुढे पडत नाही.

शास्त्रज्ञ लॅम्बर्ट यांचा १७६० सालचा नियम असा: खडूसारख्या, चकाकी नसलेल्या पृष्ठभागाचा उजळपणा प्रकाशाची दिशा आणि पृष्ठभागाची स्तंभिका (त्याला काटकोनात उभी असलेली रेषा) यांच्यातल्या कोनाच्या कोसाइनच्या प्रमाणात असतो. प्रकाश समोरून आला तर उजळपणा पूर्ण, ६० अंशांनी तिरका आला तर निम्मा. आता चित्रातला एकच पिक्सेल घ्या. त्याचा उजळपणा सगळ्यात उजळ पिक्सेलच्या निम्मा आहे. (फाइलमध्ये पिक्सेलसाठी लिहिलेले ० ते २५५ हे आकडे सहसा थेट उजळपणाचे नसतात, आधी दुरुस्त करून घ्यावे लागतात. ते झालंय असं धरू.) म्हणजे तिथला पृष्ठभाग प्रकाशाशी ६० अंशांनी कललाय. पण कुठल्या बाजूला? डावीकडे, उजवीकडे, वर, खाली? पिक्सेल ते सांगत नाही. स्तंभिका प्रकाशकिरणाभोवतीच्या एका शंकूवर कुठेही असू शकते. समीकरण एक आणि अज्ञातं दोन.

म्हणून संगणक शेजारपाजारच्या पिक्सेलांचा आधार घेतो. पृष्ठभाग सलग आहे, एकदम तुटत नाही, असं गृहीत धरतो. गुळगुळीत वस्तूच्या बाह्यरेषेपाशी पृष्ठभाग आपल्यापासून पूर्ण वळलेला असतो, त्यामुळे तिथली स्तंभिका नक्की ठरते. तिथून, किंवा सगळ्यात उजळ बिंदूपासून, उतार आत आत जुळवत नेतात. हे सगळं ‘छटा’ या शब्दात मावत नाही.

प्रतिसाद

प्रकाशाच्या दिशेबद्दल एक भर घालतो. चंद्रावरच्या विवरांचा फोटो उलटा धरून बघा. खळग्यांचे उंचवटे होतात. प्रकाश वरून येतो हे आपल्या डोळ्यांनी धरून ठेवलेलं असतं. वरची कड उजळ दिसली की फुगीर, खालची उजळ दिसली की खोलगट. मेंदूशास्त्रज्ञ रामचंद्रन यांनी १९८८ साली छायाप्रकाशावरून आकार कसा जाणवतो यावर लिहिताना हेच गोल तबकड्यांच्या चित्रांनी दाखवलं होतं.

नकाशे काढणारेही डोंगरांची छाया प्रकाश वायव्येकडून येतोय असं धरून रंगवतात. उत्तर गोलार्धाच्या बऱ्याच भागात तिथून ऊन सहसा येत नाही, तरी रूढी तीच, नाहीतर दऱ्या डोंगरांसारख्या दिसतात.

प्रतिसाद

एवढी ओढाताण कशाला? ‘शेप फ्रॉम शेडिंग’ असं देवनागरीत लिहा आणि पुढे चला. ज्याला शोधायचंय तो याच नावाने शोधणार.

मूळ लेखिका

एकदा देवनागरीत देणारच आहे, शोधण्यासाठी ते हवंच. पण मूळ नाव दिलं म्हणून गोष्ट कळत नाही. त्या विद्यार्थिनीला ‘शेडिंग’ शब्द माहीत होताच, सावलीशी घोटाळा तरीही झाला. आणि हा घोटाळा प्रोग्रामही करतो. नाकाची पडछाया गालावर पडली की तिथला उजेड अडवला गेलाय हे त्याला कळत नाही, तो गालात खड्डा पाडतो. काळ्या भुवयांनाही साधा प्रोग्राम उतार समजतो आणि कपाळाखाली दोन चर खोदतो. म्हणून टिपणात तीन गोष्टी वेगळ्या ठेवतेय: अंगावरची छाया, पडछाया आणि अंगचा रंग. यातला ‘अंगचा’ मला फार आवडला. अंगचे गुण म्हणतो तसाच अंगचा रंग, म्हणजे उजेड कसाही असला तरी वस्तूचा स्वतःचा.

प्रतिसाद

‘शेप’साठी ‘आकार’ आहेच की.

मूळ लेखिका

‘आकार’ चुकीचा नाही, पण मोघम आहे. सपाट त्रिकोणालाही आकार असतो, आणि बोलताना ‘मोठ्या आकाराचा’ म्हणजे मापच सांगतो आपण. मला वरच्या प्रतिसादातला ‘उठाव’ हवाय. चित्राला उठाव, उठावशिल्प, भूगोलातला उठावाचा नकाशा: तिन्ही ठिकाणी पृष्ठभाग वर-खाली होणं हाच अर्थ आहे. १८५७ चा उठाव संदर्भाने आपोआप वेगळा होतो.

दुसरं कारण मला जास्त महत्त्वाचं वाटतं. एका चित्रावरून खरोखर उठावच मिळतो, अख्खी वस्तू नाही. मागची बाजू कॅमेऱ्याला दिसलेलीच नसते. शिवाय प्रकाशाची दिशा माहीत नसेल तर उठाव किती खोल हेही ठरत नाही: पृष्ठभाग दाबून उथळ केला आणि प्रकाशाची दिशा व अंगचा रंग त्या हिशोबाने बदलले, तर चित्र तेच येतं. बेलह्यूमर, क्रीगमन आणि यूल यांनी हे गणिताने दाखवलं आणि त्या संदिग्धतेला नावही उथळ उठावशिल्पावरूनच दिलं. ‘त्रिमितीय प्रतिकृती’ म्हटलं की वाचकाला चारी बाजूंनी फिरवता येणारी वस्तू अपेक्षित असते. ती अनेक बाजूंनी काढलेल्या फोटोंवरून करतात, ती फोटोग्रामेट्री. वुडहॅम यांची १९८० ची रीत आणखी वेगळी: कॅमेरा हलवायचा नाही, दिवे बदलत तीन फोटो काढायचे. तीन दिशांचा उजेड मिळाला की वर सांगितलेला शंकूचा प्रश्न सुटतो. तिला ‘बहुदीप छायाप्रकाश पद्धत’ म्हणायचं मनात आहे.

प्रतिसाद

‘बहुदीप’ छान. एक सावधगिरी: ‘डेप्थ मॅप’ला ‘खोलीचा नकाशा’ करू नका. एका भाषांतरात तसं वाचलं आणि दोन परिच्छेद मी घराच्या आराखड्याबद्दल वाचतोय असंच वाटत होतं.

मूळ लेखिका

बरं झालं सांगितलंत, मी तेच लिहिलं होतं! त्यातले आकडे कॅमेऱ्यापासून किती लांब हेच सांगतात, तेव्हा ‘अंतरनकाशा’ करते. सुरुवातीचं वाक्य आता असं झालंय:

“एकाच चित्रातल्या छायाप्रकाशावरून पृष्ठभागाचा उठाव काढण्याच्या पद्धतीला शेप फ्रॉम शेडिंग म्हणतात; यात वस्तूच्या अंगावरची छाया उपयोगी पडते, पडछाया आणि अंगचा रंग दिशाभूल करतात.”

‘स्तंभिका’ ठेवू की ‘अभिलंब’?

प्रतिसाद

स्तंभिकाच. शाळेत प्रकाशाच्या परावर्तनात मुलं तोच शब्द शिकतात, आणि इथेही प्रश्न परावर्तनाचाच आहे.