८ जीबी रॅमच्या लॅपटॉपवर सायबर सुरक्षेच्या सरावाची लॅब: हॉस्टेलच्या वायफायला धक्का न लावता कशी उभारायची?

नवशिका_०७:
विंडोज ११, ८ जीबी रॅम, ८० जीबी डिस्क मोकळी. व्हर्च्युअलबॉक्समध्ये (लॅपटॉपच्या आत आभासी मशीन चालवणारं सॉफ्टवेअर) काली लिनक्स (हल्ल्याचा सराव करणारं मशीन) आणि मेटास्प्लॉइटेबल २ (हल्ला झेलणारं मशीन) टाकलंय. दोन्ही मशीन चालू होतात, पण दोघांचाही आयपी (नेटवर्कवरचा पत्ता) १०.०.२.१५ दिसतो आणि एकातून दुसऱ्याला पिंग (उत्तर येतं का बघणारा छोटा संदेश) जात नाही. नेटवर्क 'ब्रिज्ड' करा, लगेच चालेल, असं एकाने सांगितलं. लॅपटॉप हॉस्टेलच्या वायफायवर आहे, म्हणून आधी विचारतोय.

रूट_आणि_खोड:
विचारलंत ते बरं केलंत. ब्रिज्ड अजिबात करू नका. ब्रिज्ड केलं की मेटास्प्लॉइटेबलला हॉस्टेलच्या राउटरकडूनच आयपी मिळतो आणि त्या वायफायवरच्या प्रत्येकाला ते मशीन दिसतं. ते सरावासाठी सुरक्षेत मुद्दाम भोकं ठेवून बनवलेलं आहे. चालू झाल्यावर लॉगिनच्या वरच इशारा येतो, की हे मशीन भरवशाच्या नसलेल्या नेटवर्कला कधीही जोडू नका. खाली लॉगिन आणि पासवर्डही छापलेला असतो, दोन्ही एमएसएफअॅडमिन.

दोघांचा आयपी सारखा दिसतो, कारण दोन्ही 'नॅट'वर आहेत. व्हर्च्युअलबॉक्स नॅटमध्ये प्रत्येक मशीनला स्वतःचा वेगळा, काल्पनिक राउटर देतो, त्यामुळे दोघांनाही तोच पत्ता मिळतो आणि एकमेकांचा पत्ताच लागत नाही. म्हणजे तुमच्याकडे बिघाड काहीच नाही.

दोन्ही मशीन बंद करा. सेटिंग्ज, नेटवर्क, अॅडॉप्टर १ मध्ये 'होस्ट-ओन्ली' (फक्त तुमचा विंडोज आणि ही मशीन यांच्यातलं नेटवर्क) निवडा, बाकीचे अॅडॉप्टर बंद ठेवा. आता पत्ते १९२.१६८.५६.१०१ पासून पुढे मिळतील, १९२.१६८.५६.१ हा तुमचा विंडोज. रॅम कालीला २०४८ एमबी, मेटास्प्लॉइटेबलला ५१२ एमबी पुरते. कालीला त्याहून जास्त दिलीत तर विंडोजच अडखळायला लागेल.

खिडकीच्या खालच्या पट्टीत हिरवं कासव दिसत असेल, तर हायपर-व्ही (विंडोजची स्वतःची आभासी मशीन चालवणारी यंत्रणा) आडवा येतोय. विंडोज सिक्युरिटीतलं 'मेमरी इंटिग्रिटी' चालू असलं तरी हेच होतं. लॅब चालते, पण रखडत. केवळ वेगासाठी ते संरक्षण बंद करावं असं मला वाटत नाही.

पोर्ट_बावीस:
होस्ट-ओन्लीबद्दल थोडा मतभेद. त्यात विंडोजही त्याच नेटवर्कवर असतो, म्हणजे लॅपटॉपवर काही फोल्डर शेअर केलेले असतील तर लॅबमधून त्यांच्यापर्यंत वाट राहते. कालीवरून १९२.१६८.५६.१ ला पिंग जात नाही म्हणून वाट बंद आहे असं समजू नका. विंडोजची फायरवॉल पिंगला उत्तर देत नसली, तरी बाकीच्या वाटा उघड्या असू शकतात.

मी 'इंटर्नल नेटवर्क' (फक्त आभासी मशीनमधलं, विंडोज बाहेर) वापरायला सांगेन. दोन्ही मशीनना नेटवर्कचं नाव अक्षरशः एकच द्या. इथे लोक अडकतात ते आयपीवर, कारण यात पत्ता वाटणारं कोणी नसतं. मेटास्प्लॉइटेबलमध्ये सुडो (प्रशासकाचे अधिकार) लावून आयएफकॉन्फिग या आज्ञेने १०.१०.१०.६ द्या, नेटमास्क २५५.२५५.२५५.०. कालीमध्ये मात्र टर्मिनलवरून दिलेला पत्ता थोड्या वेळात उडतो, कारण नेटवर्क मॅनेजर डीएचसीपी (पत्ता वाटणारी सेवा) शोधत राहतो आणि हाती काही लागलं नाही की जोडणीच सोडून देतो. त्यासाठी जोडणीच्या सेटिंगमध्ये आयपीव्ही४ 'मॅन्युअल' करून तिथेच १०.१०.१०.५ लिहा.

शेअर्ड क्लिपबोर्ड, ड्रॅग अँड ड्रॉप आणि शेअर्ड फोल्डर तिन्ही बंद ठेवा. आणि पहिला हल्ला करून बघण्याआधी, मशीन बंद असताना, दोघांचा स्नॅपशॉट (परत येता येईल अशी जतन केलेली स्थिती) घ्या. चालू मशीनचा घेतला तर रॅमही डिस्कवर उतरते आणि जागा भराभर खाल्ली जाते.

नवशिका_०७:
इंटर्नलवर जमलं, पिंग येतोय! पण काली अपडेट करायचं तर इंटरनेट कुठून आणू?

रूट_आणि_खोड:
मेटास्प्लॉइटेबल पूर्ण बंद करा. कालीला अॅडॉप्टर २ वर नॅट द्या, अपडेट करा. झालं की त्याच अॅडॉप्टरच्या सेटिंगमधली 'केबल कनेक्टेड'ची खूण काढा. यासाठी मशीन बंद करावं लागत नाही. ती खूण राहिली तर धोका असा: नॅटमधून बाहेर जाणारी वाट हॉस्टेलच्या नेटवर्कवरूनच जाते. एनमॅपला (नेटवर्क स्कॅन करणारं साधन) १०.१०.१०.० ऐवजी चुकून १९२.१६८.१.० लिहिलंत, आणि हॉस्टेलचं नेटवर्क त्याच पत्त्यांचं असलं, की स्कॅन थेट शेजारच्या खोल्यांतल्या लॅपटॉपवर. परवानगीशिवाय दुसऱ्याच्या संगणकात अप्रामाणिकपणे किंवा फसवणुकीने शिरणं माहिती तंत्रज्ञान कायदा, २००० च्या कलम ६६ खाली येतं. ३ वर्षांपर्यंत कैद, ५ लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही.

पोर्ट_बावीस:
सराव सुरू करण्याआधी दर वेळी कालीवरून दोन पिंग करा. १०.१०.१०.६ ला उत्तर यायला हवं, ८.८.८.८ ला (बाहेरच्या इंटरनेटवरचा पत्ता) येता कामा नये. दुसऱ्याला उत्तर आलं तर केबलची खूण राहिली आहे. ती काढून पुन्हा पिंग करा, मगच एनमॅप.